अंतर्गत कुटुंब प्रणाली उपचारपद्धती

अंतर्गत कुटुंब प्रणाली ही मानसोपचारातील एक संवादाधिष्ठित उपचारपद्धती आहे. इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स या मूळ इंग्रजी नावाने आणि आयएफएस या संक्षेपाने ती अधिक ओळखली जाते. अमेरिकन कुटुंबोपचारतज्ज्ञ रिचर्ड सी. श्वार्ट्झ यांनी १९८०च्या दशकात तिची मांडणी केली. माणसाचे मन एकसंध नसते. स्वतंत्र भावना, आठवणी आणि हेतू असलेल्या अनेक अंशांचे मिळून ते बनलेले असते. आणि हे अंश एका घरातील माणसांप्रमाणे एकमेकांशी भांडतात, एकमेकांना सांभाळतात, दडपतात किंवा घराबाहेर काढतात, हे या पद्धतीचे मूळ गृहीतक आहे. यांपैकी कोणताही अंश मुळात वाईट नसतो, घातक वाटणाऱ्या वर्तनामागेही संरक्षणाचा हेतू असतो, असे ती मानते. अंशांखेरीज प्रत्येकाच्या ठायी ‘स्व’ हे शांत व करुणाशील केंद्र असते आणि त्या केंद्राकडे अंतर्गत कुटुंबाचे कर्तेपण सोपवणे हा उपचाराचा उद्देश असतो.

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून ही पद्धती पाश्चात्त्य देशांत झपाट्याने लोकप्रिय झाली. तिच्या परिणामकारकतेचा संशोधनात्मक पुरावा मात्र या लोकप्रियतेच्या मानाने तोकडा आहे.

संज्ञा

या पद्धतीतील इंग्रजी संज्ञांना मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द अद्याप रूढ झालेले नाहीत. प्रस्तुत लेखात ‘पार्ट’साठी अंश, ‘प्रोटेक्टर’साठी रक्षक, ‘मॅनेजर’साठी व्यवस्थापक, ‘फायरफायटर’साठी अग्निशामक, ‘एक्झाइल’साठी हद्दपार अंश आणि ‘बर्डन’साठी ओझे हे शब्द योजले आहेत. ‘सेल्फ’साठी मात्र ‘आत्मा’ हा सहज सुचणारा शब्द कटाक्षाने टाळून ‘स्व’ हा शब्द वापरला आहे. आत्मा म्हटले की देहापलीकडचे, अविनाशी असे तत्त्व मराठी वाचकाच्या मनात उभे राहते. उपचाराच्या खोलीत ‘सेल्फ’ हा शब्द प्रथमतः एका अनुभवाला दिलेले नाव आहे. त्याला पारमार्थिक अर्थ द्यावा की नाही हा वेगळा प्रश्न असून त्याची चर्चा पुढे केली आहे.

पार्श्वभूमी

मनात एकाहून अधिक कर्ते असतात ही कल्पना नवी नाही. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२३ साली इड, ईगो आणि सुपरईगो अशी त्रिविध रचना मांडली. कार्ल युंग यांनी स्वायत्तपणे वागणाऱ्या मनोगंडांचा आणि त्यांच्याशी कल्पनेत संवाद साधण्याच्या तंत्राचा विचार केला. इटालियन मनोविकारतज्ज्ञ रॉबेर्तो असाजिओली यांनी उपव्यक्तिमत्त्वांची संकल्पना आणली. एरिक बर्न यांच्या व्यवहार विश्लेषणात पालक, प्रौढ आणि बालक अशा तीन अहम्-अवस्था आहेत. फ्रिट्झ पर्ल्स यांच्या गेस्टाल्ट उपचारात रिकाम्या खुर्चीवर स्वतःचाच एक भाग बसला आहे अशी कल्पना करून त्याच्याशी बोलावे लागते.

श्वार्ट्झ यांचा प्रवास मात्र वेगळ्या वाटेने झाला. पर्ड्यू विद्यापीठातून त्यांनी विवाह व कुटुंबोपचार या विषयात डॉक्टरेट मिळवली होती. साल्वादोर मिनुशिन आदींच्या कुटुंबोपचारात व्यक्तीचे लक्षण हे तिच्या एकटीचे न मानता साऱ्या घराच्या परस्परसंबंधांचे फलित मानले जात असे. घरातील नाती बदलली की लक्षण आपोआप ओसरेल, मनाच्या आत डोकावण्याची गरज नाही, असा त्या काळातील अनेक कुटुंबोपचारतज्ज्ञांचा विश्वास होता आणि श्वार्ट्झही त्याच मताचे होते. शिकागो येथे बुलिमिया, म्हणजे अनावर खाणे व नंतर ते उलटून टाकणे, हा विकार असलेल्या तरुण मुलींवर काम करताना या विश्वासाला तडा गेला. घरातील संबंध अपेक्षेप्रमाणे सुधारले तरी काही मुलींचा विकार जाईना. असे का, हे त्यांनी त्या मुलींनाच विचारले. उत्तरादाखल त्या आपल्या ‘अंशां’विषयी बोलू लागल्या. एक अंश सतत दोष देतो, त्यामुळे दुसरा पोरका आणि निरुपयोगी असल्यासारखा कळवळतो, आणि ती कळ थांबवण्यासाठी तिसरा खायला लावतो, अशा आशयाचे ते वर्णन होते. कुटुंबांत दिसणारे संबंधांचे जे आकृतिबंध श्वार्ट्झ यांनी अभ्यासले होते, तेच त्यांना येथे एका व्यक्तीच्या आत दिसले. पद्धतीच्या नावातील ‘कुटुंब’ आणि ‘प्रणाली’ हे दोन्ही शब्द यातून आले आहेत.

आरंभी श्वार्ट्झ यांनीही अशा अंशांना शत्रू समजून त्यांच्यावर मात करण्याचा प्रयत्न केला होता. स्वतःला इजा करून घेणाऱ्या एका स्त्रीविषयीचा प्रसंग त्यांनी आपल्या लेखनात आणि व्याख्यानांत अनेकदा सांगितला आहे. इजा करायला लावणाऱ्या अंशाकडून, या आठवड्यात तू तसे करणार नाहीस, असे वचन त्यांनी बराच वेळ आग्रह धरून मिळवले. पुढच्या भेटीस ती चेहऱ्यावर मोठी जखम घेऊन आली. हताश होऊन श्वार्ट्झ यांनी हार कबूल केली, तेव्हा तो अंशही नरमला आणि आपल्यालाही तुम्हाला हरवायचे नाही असे म्हणाला. मग त्यांनी प्रथमच, तू हे का करतोस, असे खऱ्या कुतूहलाने विचारले. त्या स्त्रीच्या बालपणातील अत्याचारांच्या काळात तिला शरीराच्या जाणिवेपासून दूर नेण्याचे आणि अधिक शिक्षा ओढवेल असा संताप आवरण्याचे काम तो अंश करत होता, असे त्यातून पुढे आले. या पद्धतीचा सारा डोलारा या एका वळणावर उभा आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही. वर्तन थांबवण्याची मागणी करण्याआधी त्या वर्तनामागची भीती विचारायची, हा क्रम तेव्हापासून ठरला.

१९९५ साली ‘इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स थेरपी’ हा श्वार्ट्झ यांचा मूलभूत ग्रंथ प्रसिद्ध झाला. मार्था स्वीझी यांच्या सहलेखनाने त्याची सुधारित आवृत्तीही पुढे निघाली.

अंशांचे स्वरूप

या मांडणीनुसार अंश हे आघातामुळे निर्माण होत नाहीत. अनेक अंश असणे ही मनाची स्वाभाविक अवस्था आहे. आघात, उपेक्षा किंवा अपमान यांमुळे अंशांना आपली मूळची भूमिका सोडून टोकाची भूमिका घ्यावी लागते. अशा भूमिकांचे तीन प्रकार मानले जातात.

एका काल्पनिक उदाहरणाने ते स्पष्ट होतील. इयत्ता तिसरीतील एक मुलगा वर्गात मोठ्याने धडा वाचताना अडखळतो. शिक्षक त्याची नक्कल करतात आणि सारा वर्ग हसतो. त्या क्षणीची लाज, आपण मठ्ठ आहोत ही खात्री आणि कोणीही आपल्या बाजूने उठले नाही हे दुःख त्याला पेलवत नाही. हा अनुभव बाळगणारा अंश मनाच्या तळघरात कोंडला जातो. तोच हद्दपार अंश होय. वय वाढले तरी तो आठ वर्षांचाच राहतो.

हा मुलगा पुढे मोठा अधिकारी होतो. कोणत्याही बैठकीपूर्वी तो तीनतीन रात्री तयारी करतो, कागदावर लिहून आणल्याखेरीज एक वाक्य बोलत नाही, हाताखालच्यांच्या बारीकशा चुकीवरही तुटून पडतो आणि स्वतःवर त्याहून अधिक. तळघराचे दार उघडण्याची वेळच येऊ नये म्हणून आधीपासून दक्ष राहणाऱ्या अशा अंशांना व्यवस्थापक म्हणतात. परिपूर्णतेचा हट्ट, आत्मटीका, सर्वांना खूश ठेवणे, काळजी करत राहणे ही त्यांची नेहमीची साधने आहेत. समाज त्यांचे कौतुक करतो, त्यामुळे त्यांचा त्रास दिसून येण्यास वेळ लागतो.

तरीही एखाद्या दिवशी भर सभेत त्याची जीभ अडखळते आणि कोणीतरी हसते. तळघरातील कल्लोळ वर येऊ लागतो. त्या रात्री तो बाटली उघडतो, किंवा पहाटेपर्यंत मोबाइलवरून नजर काढत नाही, किंवा घरच्यांवर आगपाखड करतो. आग लागल्यावर धावून येणारे हे अंश म्हणजे अग्निशामक. परिणामांचा विचार न करता वेदना तत्काळ विझवणे एवढेच त्यांना ठाऊक असते. पाण्याच्या माऱ्याने घरातील सामानाची नासाडी झाली तरी बेहत्तर. व्यसने, अनावर खाणे, आत्मपीडन आणि आत्महत्येचे विचार यांकडेही ही पद्धती याच दृष्टीने पाहते.

व्यवस्थापक आणि अग्निशामक हे दोन्ही रक्षकच असतात, पण त्यांचे आपसांत पटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापक पिण्याबद्दल धिक्कार करतो, धिक्काराने लाज वाढते, आणि लाज विझवण्यासाठी अग्निशामकाला पुन्हा बोलावणे जाते. केवळ इच्छाशक्तीच्या बळावर सवयी सुटत का नाहीत याचे या पद्धतीने दिलेले स्पष्टीकरण हे असे आहे.

‘स्व’ ही संकल्पना

रक्षकांना थोडे बाजूला व्हायला सांगितले असता अगदी त्रस्त रुग्णांच्याही ठायी कुतूहल, शांतपणा आणि करुणा प्रकट होते, आणि हा आपला एखादा अंश नव्हे, हे आपण स्वतः आहोत, असे ते सांगतात, हे निरीक्षण श्वार्ट्झ यांनी नोंदवले. त्याला त्यांनी ‘सेल्फ’ हे नाव दिले. शांतता, कुतूहल, करुणा, स्पष्टता, धैर्य, आत्मविश्वास, सर्जनशीलता आणि आपुलकीचे नाते हे त्याचे आठ गुण सांगितले जातात. इंग्रजीत हे सर्व शब्द ‘सी’ या अक्षराने सुरू होतात, ही जुळणी शिकवण्यास सोयीची असली तरी काहीशी ओढूनताणून केलेली वाटते.

‘स्व’ला इजा होत नाही, तो केवळ झाकला जातो, असा श्वार्ट्झ यांचा दावा आहे. विविध धर्मपरंपरांतील तत्सम कल्पनांशी त्यांनी त्याचे नाते जोडले आहे. भारतीय वाचकाला येथे साक्षीभावाची आठवण होईल, परंतु एक फरक महत्त्वाचा आहे. साक्षी केवळ पाहतो. या पद्धतीतील ‘स्व’ पाहण्यावर थांबत नाही. तो दुखावलेल्या अंशाजवळ जातो, त्याची विचारपूस करतो आणि जबाबदारी घेतो. तो कर्त्या वडीलधाऱ्या माणसासारखा आहे.

उपचाराची प्रक्रिया

सत्राच्या आरंभी रुग्णाला त्रास देणाऱ्या एखाद्या भावनेकडे किंवा विचाराकडे लक्ष वळवण्यास सांगितले जाते. ती शरीरात कोठे जाणवते, तिचे काही रूप, आवाज किंवा वय आहे का, अशी विचारणा होते. छातीवरचा दगड, घशातील आवंढा, पाठीमागे छडी घेऊन उभा असलेला कोणी, अशा प्रकारची उत्तरे येऊ शकतात. कोणतेही दृश्य न दिसता केवळ जाणीव झाली तरी चालते.

यानंतरचा प्रश्न कळीचा असतो: या अंशाविषयी तुम्हाला काय वाटते? त्याचा राग येतो, त्याला हाकलून द्यावेसे वाटते, असे उत्तर आले तर ‘स्व’ऐवजी दुसराच एखादा अंश बोलत आहे असे समजले जाते. त्याला थोडी जागा करून देण्याची विनंती केली जाते. अंश ‘स्व’शी इतका मिसळून गेलेला असतो की ‘मी रागावलो आहे’ आणि ‘माझ्यातील एक अंश रागावला आहे’ यांतील अंतर नाहीसे होते. हे अंतर पुन्हा निर्माण करणे हे उपचारातील पहिले मोठे काम. प्रश्नाचे उत्तर ‘त्याच्याविषयी कुतूहल वाटते’ असे येईपर्यंत पुढे जात नाहीत.

मग रक्षकाशी संवाद सुरू होतो. तू हे काम केव्हापासून करतोस, ते थांबवलेस तर काय होईल अशी तुला भीती वाटते, आणि मी आता किती वर्षांचा आहे असे तुला वाटते, असे प्रश्न विचारले जातात. अखेरच्या प्रश्नाला आठ, दहा अशी उत्तरे पुष्कळदा येतात. ज्या मुलाचे रक्षण करण्यासाठी तो नेमला गेला, तो मुलगा मोठा झाल्याची वार्ताच त्याच्यापर्यंत पोहोचलेली नसते.

रक्षकांची संमती मिळाल्याशिवाय हद्दपार अंशाकडे जायचे नाही, हा या पद्धतीचा दंडक आहे. संमती मिळाल्यावर ‘स्व’ त्या अंशाची कहाणी त्याच्याच तोंडून ऐकतो. आवश्यकता भासल्यास रुग्ण कल्पनेने त्या जुन्या प्रसंगात शिरतो आणि त्या मुलाला हवे असलेले कोणीतरी बनून त्याच्या शेजारी उभा राहतो. वरील उदाहरणात, तो अधिकारी तिसरीच्या वर्गात जाऊन त्या मुलाचा हात धरील आणि शिक्षकांना थांबवील. त्यानंतर अंशाने वागवलेले ओझे उतरवण्याचा विधी होतो. मी मठ्ठ आहे ही समजूत, ती लाज, हे सारे त्याने पाण्यात, वाऱ्यात, अग्नीत, प्रकाशात किंवा मातीत सोडून द्यावे असे सुचवले जाते. मराठी वाचकाला येथे पंचमहाभूते आठवणे स्वाभाविक आहे. मोकळ्या झालेल्या रक्षकांना मग नवे, त्यांच्या आवडीचे काम निवडता येते. कठोर टीकाकार सल्लागार होऊ शकतो.

व्यक्तिगत अनुभवांतून आलेल्या ओझ्यांबरोबर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ओझीही असतात, असे मानले जाते. वंशद्वेष आणि पुरुषसत्ता यांची उदाहरणे श्वार्ट्झ अमेरिकेच्या संदर्भात देतात.

अन्य पद्धतींशी तुलना

मराठी वाचकांना कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती विशेष परिचित आहे. तिच्यात ‘मी चुकलो तर मी नालायक’ ही अविवेकी समजूत असून तिचे तर्काने खंडन करायचे असते. अंतर्गत कुटुंब प्रणालीत ही समजूत बाळगणाऱ्याशी वाद घालत नाहीत; ती समजूत कोठून आली आणि ती सोडण्याची भीती का वाटते हे विचारतात. एकात समजुतीची सत्यता तपासली जाते, दुसरीत तिचे प्रयोजन. बर्न यांच्या तीन अहम्-अवस्था सर्वांना समान असतात, तर येथे अंशांची संख्या आणि स्वरूप व्यक्तिगणिक भिन्न असते.

मराठी भाषेतील मनाची अनेकता

‘एक मन म्हणते जावे, दुसरे म्हणते नको’ हे वाक्य मराठीत कोणीही सहज बोलतो आणि ऐकणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. मन खाते, मन धजत नाही, मनाची समजूत घालावी लागते, मन मारावे लागते. ‘जनाची नाही तर मनाची तरी’ लाज बाळगण्यास सांगितले जाते. अंशांची कल्पना समजावून सांगण्यासाठी मराठीत वेगळी परिभाषा घडवण्याची फारशी गरज भासत नाही, ती या वाक्प्रचारांमुळे.

तथापि या साम्याला मर्यादा आहे. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक हे मनाला उद्देशून केलेल्या रचनेचे मराठीतील सर्वाधिक परिचित उदाहरण. तेथे मन हे उपदेशाचा विषय आहे. बोलणारा शहाणा आणि ऐकणारे मन चंचल. अंतर्गत कुटुंब प्रणालीत बोलणारे अंश असतात आणि ऐकणारा ‘स्व’. मन मारणे हा वाक्प्रचार तर तिच्या दृष्टीने नेमका हद्दपारीचे वर्णन ठरेल.

अंशांशी बोलणे म्हणजे अंगात येणे नव्हे, तसेच ते छिन्नमनस्कतेचे, अर्थात स्किझोफ्रेनियाचे, लक्षणही नव्हे. ज्याला लोकभाषेत दुभंग व्यक्तिमत्त्व म्हणतात त्या विकारात निरनिराळ्या ओळखी आळीपाळीने ताबा घेतात आणि स्मृतीत खंड पडतात. सर्वसामान्य माणसाच्या अंशांबाबत तसे घडत नाही.

संशोधन

सर्वाधिक उद्धृत केला जाणारा अभ्यास संधिवाताच्या रुग्णांवरील आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या यादृच्छिक चाचणीत ७९ रुग्ण सहभागी होते; त्यांपैकी ३९ जणांना नऊ महिने हे उपचार आणि ४० जणांना केवळ आजाराविषयी माहिती देण्यात आली. उपचार घेतलेल्या गटात वेदना आणि शारीरिक कार्यक्षमता यांत सुधारणा आढळली. सांध्यांच्या वेदनेची स्वतः केलेली नोंद, स्वतःविषयीची करुणा आणि नैराश्याची लक्षणे यांतील लाभ वर्षभरानंतरही टिकून होता. चिंता आणि प्रत्यक्ष आजाराची तीव्रता यांत टिकाऊ फरक पडला नाही.

प्रामुख्याने याच अभ्यासाच्या आधारे २०१५ साली अमेरिकन शासनाच्या पुराव्याधिष्ठित उपक्रमांच्या राष्ट्रीय नोंदवहीत या पद्धतीचा समावेश झाला. ती नोंदवही २०१८ साली बंद करण्यात आली. प्रचारसाहित्यात पहिल्या गोष्टीचा उल्लेख असतो, दुसरीचा क्वचित. महाविद्यालयीन तरुणींमधील नैराश्यावर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात रूढ उपचारांइतकाच गुण आढळला. बालपणी आघात सोसलेल्या आणि आघातोत्तर तणाव विकार असलेल्या १७ प्रौढांवरील अभ्यासात लक्षणे बरीच कमी झाली, परंतु तुलनेसाठी नियंत्रण गट नव्हता.

टीका आणि धोके

‘स्व’ आणि अंश यांचे अस्तित्व कोणत्याही कसोटीवर खोटे ठरवता येईल अशा रीतीने मांडलेले नाही, हा या पद्धतीवरील पहिला आक्षेप. रुग्णाला शंका आली तर तोही एक ‘शंका घेणारा अंश’ ठरतो, आणि असहमतीला जागा उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कल्पनेत भूतकाळाकडे नेणाऱ्या कोणत्याही तंत्रात, सूचनेच्या प्रभावाने, न घडलेल्या घटनांच्या आठवणी तयार होण्याचा धोका असतो. स्मृती घडते कशी आणि बिघडते कशी याविषयीच्या संशोधनातून हा धोका चांगलाच सिद्ध झालेला आहे. अमेरिकेतील खाण्याच्या विकारांच्या एका निवासी केंद्राविरुद्ध २०११ व २०१२ मध्ये माजी रुग्णांनी दावे दाखल केले. आपल्या मनात अत्याचाराच्या खोट्या आठवणी रुजवल्या गेल्या असे त्यांचे म्हणणे होते. केंद्राने आरोप नाकारले. तेथे या पद्धतीचाही वापर होत असल्याने या प्रकरणाचा उल्लेख तिच्या चर्चेत वारंवार होतो. अंशाने सांगितलेली हकिकत ही त्या अंशाचा अनुभव म्हणून ऐकणे आणि ती घडलेली घटना म्हणून प्रमाण मानणे यांतील सीमारेषा उपचारकाने सांभाळली नाही तर हानी केवळ रुग्णाची होत नाही, त्याच्या आईवडिलांची आणि भावंडांचीही होते.

वास्तवाचे भान सुटलेल्या अवस्थेत, तसेच तीव्र स्वरूपाच्या खाण्याच्या विकारांत ही पद्धती वापरावी का, याविषयी तज्ज्ञांत साशंकता आहे. पद्धतीचे प्रशिक्षण परवानाधारक मानसोपचारकांखेरीज अन्य व्यक्तींनाही घेता येते. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र म्हणजे मानसोपचार करण्याचा परवाना नव्हे, हा भेद उपचार घेणाऱ्यांच्या नेहमीच लक्षात येतो असे नाही.

प्रसार

श्वार्ट्झ यांनी २००० साली स्थापन केलेली प्रशिक्षणसंस्था आज आयएफएस इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते; प्रशिक्षण तीन स्तरांवर होते. जे अर्ली यांच्या ‘सेल्फ थेरपी’ या पुस्तकाने ही पद्धती स्वतःपुरती वापरू इच्छिणाऱ्यांपर्यंत पोहोचवली. आघातविषयक संशोधक बेसल व्हॅन डर कोक यांनी ‘द बॉडी कीप्स द स्कोअर’ या २०१४ सालच्या बहुखपाच्या पुस्तकात तिच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले, आणि २०२१ साली श्वार्ट्झ यांचे ‘नो बॅड पार्ट्स’ हे सर्वसामान्य वाचकांसाठीचे पुस्तक आले. त्याची प्रस्तावना गायिका अ‍ॅलानिस मॉरिसेट यांची आहे.

एका मुलीच्या मनातील भावनांना पात्रांचे रूप देणारा ‘इनसाइड आउट’ हा २०१५ सालचा पिक्सारचा चित्रपट या पद्धतीच्या चर्चेत नेहमी उदाहरणादाखल घेतला जातो. त्या चित्रपटाचे शास्त्रीय सल्लागार मात्र भावनांचे अभ्यासक पॉल एकमन आणि डॅकर केल्टनर हे होते.